वूस्टरशायर काउंटी क्रिकेट क्लब व न्यू रोड मैदान : नदीकाठच्या वारशाचा प्रश्न

प्रस्तावना :
इंग्लंडमधील काउंटी म्हणजे परगणा. परगण्यांच्या संघांमधील अजिंक्यपद स्पर्धा हा तेथील देशांतर्गत क्रिकेटचा कणा आहे. आज प्रथम श्रेणीचे १८ काउंटी क्लब आहेत. त्यांपैकी वूस्टरशायरचे न्यू रोड मैदान निसर्गसौंदर्यासाठी विशेष प्रसिद्ध आहे. मात्र ज्या नदीमुळे या मैदानाला शोभा प्राप्त झाली, त्याच नदीमुळे त्याचे भवितव्य अनिश्चित झाले आहे. प्रस्तुत लेखात या विसंगतीचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे.

क्लबची जडणघडण :
क्लबची स्थापना १८६५ मध्ये झाली. दुय्यम काउंटींच्या स्पर्धेत १८९६ ते १८९८ अशी सलग तीन वर्षे विजेतेपद मिळविल्यावर १८९९ मध्ये क्लबला प्रथम श्रेणीचा दर्जा प्राप्त झाला. या उभारणीत पॉल फोली यांचा पुढाकार महत्त्वाचा होता. फोस्टर कुटुंबातील सात बंधू या संघाकडून खेळले, म्हणून संघाला विनोदाने ‘फोस्टरशायर’ असे संबोधले जाई. पुढे १९६४, १९६५, १९७४, १९८८ व १९८९ या वर्षी क्लबने काउंटी अजिंक्यपद पटकावले.

मैदान आणि नदी :
न्यू रोड मैदान सेव्हर्न नदीच्या पश्चिम तीरावर असून पैलतीरी वूस्टरचे प्राचीन कॅथेड्रल उभे आहे. ही जमीन मुळात कॅथेड्रलच्या धर्मसंस्थेच्या मालकीची होती. क्लबने ती प्रथम भाडेपट्ट्याने घेतली व १९७६ मध्ये विकत घेतली. विदेशी संघांच्या दौऱ्याचा प्रारंभ येथे करण्याची प्रथा दीर्घकाळ होती. डोनाल्ड ब्रॅडमन यांनी येथे १९३० मध्ये २३६, १९३४ मध्ये २०६, १९३८ मध्ये २५८ व १९४८ मध्ये १०७ धावा केल्या. १९४६ च्या भारतीय संघाचा दौराही येथूनच सुरू झाला. महाराष्ट्रातील श्रीरामपूर येथे जन्मलेल्या झहीर खान याने २००६ च्या हंगामात वूस्टरशायरकडून ७८ बळी घेतले आणि त्याच वर्षाअखेरीस भारतीय संघात पुनरागमन केले.

पुराचे स्वरूप :
वेल्सच्या डोंगरात उगम पावणारी सेव्हर्न ही ब्रिटनमधील सर्वांत लांब नदी होय. तिचे पाणी चढले की सखल तीरावरील हे मैदान जलमय होते. एका अर्थी ते शहराच्या पुराचे पाणी सामावून घेते. पूर्वी पूर प्रामुख्याने हिवाळ्यात येत व तेव्हा क्रिकेटचा हंगाम नसे. परंतु पाणी ओसरल्यावर गवतावर गाळ साचतो. तो काढणे, गवत पुन्हा वाढविणे व खेळपट्टी वाळवून रोलरने घट्ट करणे यास अनेक आठवडे लागतात. हंगाम एप्रिलच्या आरंभी सुरू होत असल्याने हा अवधी अपुरा पडतो. २००७ मध्ये तर ऐन उन्हाळ्यात पूर आला व काही सामने अन्यत्र हलवावे लागले. २०२३-२४ च्या हिवाळ्यात मैदान वारंवार पाण्याखाली गेल्याने २०२४ च्या हंगामातील सुरुवातीचे घरचे सामने किडरमिन्स्टर येथे घ्यावे लागले.

अर्थकारण :
वूस्टरशायर हा सभासदांच्या मालकीचा क्लब आहे. सामना हलविला की तिकीटविक्री, उपाहारगृह व समारंभ यांचे उत्पन्न बुडते आणि दुरुस्तीचा खर्च मात्र वाढतो. म्हणूनच २०२४ मध्ये मैदान अन्यत्र हलविण्याचा विचार उघडपणे चर्चेत आला. तथापि, नव्या जागेचा व बांधकामाचा खर्च लहान क्लबला सहज पेलणारा नाही. शिवाय पूरप्रवण जमिनीवर बांधकामास मर्यादा असल्याने जुन्या जागेच्या विक्रीतूनही फार मोठी रक्कम उभी राहणे कठीण आहे.

समारोप :
न्यू रोडचा प्रश्न केवळ भावनेचा अथवा केवळ हिशेबाचा नाही. मैदान सोडल्यास शतकाहून अधिक काळाची स्मृती तुटते. न सोडल्यास ती स्मृती जपणारी संस्थाच दुर्बल होत जाते. वास्तू जतन करता येते, परंतु खेळाचे मैदान खेळाविना जतन होत नाही. त्यामुळे दरवर्षी किती दिवस खेळ होऊ शकतो, हाच या वारशाच्या रक्षणाचा खरा निकष ठरतो.