महाराष्ट्राच्या पोटात ज्वालामुखी नाही

लोणारचं सरोवर म्हणजे विझलेल्या ज्वालामुखीचं तोंड. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांतलं पाणी तापतं ते खाली लाव्हा खदखदतो म्हणून. आणि किल्लारीचा भूकंप झाला तो दख्खनचा झोपलेला ज्वालामुखी चाळवला म्हणून. ही तीन विधानं आपल्याकडे इतक्या सहज केली जातात की त्यांच्याबद्दल कुणाला शंकाही येत नाही. तिन्ही चुकीची आहेत. त्यांचं मूळ मात्र एका खऱ्या गोष्टीत आहे. आपल्या पायाखालचा काळा कातळ हा खरोखरच थिजलेला लाव्हा आहे. शाळेत आपण हे शिकतो आणि तिथून मन परस्पर पुढे जातं: दगड ज्वालामुखीचा असेल, तर ज्वालामुखीही इथंच कुठंतरी असणार. ही उडी दगडाच्याच पुराव्यावर तपासली पाहिजे, कारण तिच्यामुळे आपण नको त्या गोष्टीला भितो आणि ज्याची तयारी करायला हवी ते राहून जातं.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथं जे घडलं ते चित्रातल्या ज्वालामुखीसारखं नव्हतं. एखादा शंकूच्या आकाराचा डोंगर, त्याच्या माथ्यावर तोंड आणि त्यातून आग, असं काही नव्हतं. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ शिलारस पुरासारखा पसरत गेला. धुळे-नंदुरबारकडे अशा भेगांमध्येच गोठलेला दगड आज काळ्या भिंतींसारखा उभा दिसतो. झिजून उरलेला हा कातळ आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर आहे. सह्याद्री ही त्याच थरांची कापलेली कड आहे. त्यामुळे १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईच्या माथ्यावर तोंड शोधण्यात अर्थ नाही. घाटरस्त्यासाठी कापलेल्या दरडीकडे जवळून पाहिलं तर सगळा हिशेब वाचता येतो. एका प्रवाहाचा खालचा भाग घट्ट आणि काळाभोर असतो, वरचा भाग भोकाभोकांचा. ती भोकं म्हणजे निसटून जाणाऱ्या वायूचे बुडबुडे. पुढे त्यांत पाझरलेल्या पाण्यातून पांढरे-हिरवे स्फटिक साठले, ज्यांना आपण सरसकट गारगोट्या म्हणतो. त्यावर काही ठिकाणी विटेच्या रंगाचा मातीचा पट्टा असतो आणि त्याच्यावर पुन्हा नवा काळा थर. लाव्हा थंड झाला, उन्हापावसात कुजून त्याची माती झाली, मग पुढच्या प्रवाहानं ती झाकली. मुंबईत वरळीच्या टेकडीत तर लाव्ह्यांच्या मधल्या थरात बेडकांचे जीवाश्म सापडले. म्हणजे दोन उद्रेकांच्या मधल्या काळात तिथं पाणी होतं आणि त्या पाण्यात बेडूक सुखानं नांदत होते. हा आगीचा काळही अखंड आगीचा नव्हता.

मग ती आग गेली कुठं? बहुसंख्य शास्त्रज्ञांच्या मते, उद्रेक झाला तेव्हा भारताचा भूखंड हिंदी महासागरातल्या एका तप्त जागेवरून सरकत होता. ती जागा आज रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून अधूनमधून पेटतो. आपण तिथून साडेचार हजार किलोमीटरहून जास्त उत्तरेला आलो आहोत. चूल एका जागी राहिली, तवा पुढं गेला. ही उपपत्ती ज्यांना पूर्ण पटत नाही असे अभ्यासकही आहेत, पण त्यांचा वाद तेव्हाच्या कारणाबद्दल आहे. दख्खनचे उद्रेक कधीच संपले, याबद्दल दुमत नाही. आज भारतात जागा ज्वालामुखी एकच, अंदमानातल्या बॅरन बेटावर.

लोणारची गोष्ट इथंच निकालात निघते, पण तिचा पुरावा इतका देखणा आहे की तो नीट सांगितलाच पाहिजे. बुलढाणा जिल्ह्यातलं हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्यानं त्याची नोंद केली. त्यानंतर शतकाहून अधिक काळ अनेक भूवैज्ञानिकही त्याला ज्वालामुखीच समजत होते. चोहीकडे लाव्हा आणि मधोमध गोल खड्डा, त्यामुळे तसं वाटणं स्वाभाविक होतं. १९७३ मध्ये कर्ट फ्रेडरिकसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विवराच्या तळातून काढलेला दगड सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, तेव्हा त्यात मॅस्केलिनाइट नावाची काच आढळली. बेसॉल्टमधल्या, म्हणजे आपल्या काळ्या कातळातल्या, फेल्डस्पार या खनिजाला अतिप्रचंड दाबाचा झटका बसला की त्याचा स्फटिक बाहेरचा आकार तसाच ठेवून आतून काच होतो. उष्णतेनं वितळला असता तर आकारही गेला असता. असा झटका कुठल्याही ज्वालामुखीत बसत नाही. तो अवकाशातून वेगानं येऊन आदळणाऱ्या अशनीचाच असतो. काठावरचे लाव्ह्याचे जुने थर बाहेरच्या बाजूला उलथलेले आहेत, तेही हेच सांगतात. कुणी विचारेल, मग तो अशनी कुठं आहे? आदळताना निर्माण झालेल्या उष्णतेत त्याचा बहुतेक भाग वितळून, वाफ होऊन गेला. पाणी खारं का? कारण पाणी आत येतं, पण वाहून जायला वाट नाही. ते उडून जातं आणि क्षार मागं राहतात. विवराच्या वयाबद्दल मतभेद आहेत. एका पद्धतीनं ते ५० हजार वर्षांच्या आसपास निघालं, दुसरीनं सुमारे ५.७ लाख. यातलं काहीही खरं धरलं, तरी अशनी आदळला तेव्हा इथला लाव्हा थंड होऊन सहा कोटींहून अधिक वर्षं उलटली होती.

गरम पाण्याच्या झऱ्यांचं उत्तर छोटं आहे. पृथ्वी आतून गरमच आहे. दर किलोमीटर खोलीला तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढतं. पावसाचं पाणी कोकणातल्या खोल भेगांतून खाली उतरतं, तापतं आणि दुसऱ्या भेगेनं वर येतं. त्याला लाव्ह्याची गरज नाही.

भूकंपाचा मुद्दा मात्र जिवावरचा आहे. कोयनेला ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा धक्का बसला. त्याआधी काही वर्षांपासून, धरणात पाणी साठू लागल्यानंतर, लहान धक्के जाणवतच होते. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास किल्लारी हादरली आणि हजारो माणसं गेली. दोन्ही ठिकाणी पुढे विंधनछिद्रं घेतली गेली. किल्लारीला काळा कातळ साधारण ३४० मीटरवर संपला. कोयना भागात गोठणे इथं ३ किलोमीटर खोल छिद्र घेतलं. तिथं तो सव्वा किलोमीटरच्या आसपास संपला. त्याखाली लागला तो ग्रॅनाइटच्या जातीचा, अब्जावधी वर्षांचा जुना खडक. कोयनेचे धक्के उगम पावतात ते या जुन्या खडकात. लाव्हा हे फक्त वरचं झाकण आहे. भारताचा भूखंड आजही वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर वेगानं उत्तरेकडे रेटा देतो आहे. तो ताण जुन्या भेगांत साठतो आणि कधीतरी सुटतो. कोयनेत धरणाच्या पाण्यानं त्या भेगांना निमित्त पुरवलं. ज्वालामुखीचा इथं संबंध येत नाही.

हा फरक पुस्तकी आहे असं कुणाला वाटेल. तो तसा नाही. हिंगोलीकडे जमिनीखालून आवाज आले की ज्वालामुखीच्या अफवा उठतात, लोक रात्र उघड्यावर काढतात आणि आठवड्यानं सगळं विसरलं जातं. ज्वालामुखीपुढं माणूस काय करणार? भूकंपापुढं मात्र बरंच काही करता येतं. किल्लारीत माणसं मेली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरच्या माळवदाचं ओझं अंगावर कोसळून. त्या वेळी हा भाग भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ मध्ये तो पट्टाच नकाशातून काढून टाकला गेला. तेव्हा मराठवाड्यात किंवा कोयनेच्या खोऱ्यात घर बांधायला काढलं असेल, तर गवंड्याला आधी एवढंच विचारा: जोत्याला, दार-खिडक्यांच्या वर आणि छताखाली सलग काँक्रीटची पट्टी पडणार आहे ना?