क्रेनवाल्या मामांचं पॅकेज

बायपासवर ट्रेलर बंद पडला की आपण हॉर्न वाजवतो आणि शिव्या घालतो. पण तो चाळीस टनी धूड बाजूला काढणाऱ्या माणसाच्या हातात महिन्याकाठी पडतात तरी किती?

अप्रेझलचा महिना म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. लिफ्टपासून कॅन्टीनपर्यंत विषय एकच. कुणाला किती टक्के, कुणाचा व्हेरिएबल कापला, कोण पेपर टाकणार! त्या शुक्रवारी मलाही पत्र मिळालं होतं. आकडा बघून डोकं फिरलं आणि त्याच तिरमिरीत रात्री साडेदहाला बाणेरहून नऱ्ह्याला निघालो. चांदणी चौक पार, वारजे पार आणि वडगाव पुलाच्या पुढे सगळं ठप्प. मधल्या लेनमध्ये मालाने भरलेला ट्रेलर बंद पडला होता. म्हटलं, झालं! आजचा दिवसच खराब. इतरांबरोबर मीही हॉर्नवर हात ठेवला.

अर्ध्या तासाने कंटाळून गाडी बंद केली आणि पुढे चालत गेलो. एक हायड्रा, एक टोइंग ट्रक, चार प्लास्टिकचे कोन आणि ट्रेलरखाली टॉर्च तोंडात धरून आडवा पडलेला एक माणूस. वय पंचेचाळिशीचं. सगळे त्यांना 'मामा' म्हणत होते, म्हणून मीही म्हटलं, "मामा, नुसता हूक अडकवून ओढत का नाही?"

"ओढला आसता की साहेब, चाकं फिरली आसती तर!"

गंमत अशी की, जड गाडीचे ब्रेक हवेवर चालतात आणि हवा गेली की ते सुटत नाहीत, उलट जाम होतात. सुरक्षेसाठीच ती सोय असते. त्यामुळे आधी बाहेरून हवा भरायची किंवा ब्रेकच्या डब्यातली स्प्रिंग बोल्टने आवळून चाकं मोकळी करायची. मग प्रोपेलर शाफ्ट खोलायचा. कारण इंजिन बंद असताना चाकं फिरली तर गिअरबॉक्सला ऑइल पोचत नाही आणि तो जळतो. हे सगळं गाडीखाली झोपून, शेजारून ऐंशीच्या स्पीडने गाड्या जात असताना! त्यात 2018 साली केंद्र सरकारने जड वाहनांची भारमर्यादा साधारण 20 ते 25 टक्क्यांनी वाढवली. ओझं वाढलं, तसं ते ओढणाऱ्याचं कामही वाढलं.

तुम्हाला किती मिळतात?

पाऊण तासाने ट्रेलर सर्व्हिस रोडला लागला. ट्रॅफिक सुटलं. मी गाडी कडेला घेतली. सायकलवरून चहा विकणारा एक जण तिथे पोचलाच होता. तीन कटिंग घेतले. मामा, त्यांचा पोरगेला हेल्पर आणि मी. डोक्यात पगाराचाच किडा वळवळत होता, म्हणून पटकन विचारून टाकलं, "मामा, तुम्हाला किती मिळतात?"

"तुम्हाला किती मिळत्यात?" मामांनी हसत उलट विचारलं.

माझी बोलती बंद! टीममधल्या माणसाला सांगतो तो आकडा मला तिथे सांगवेना. मामांनी ते ओळखलं आणि स्वतःच हिशेब मांडला.

महिन्याला 20 हजार पगार. रात्रीचा कॉल आला तर वर 300 रुपये भत्ता. त्या रात्रीचं बिल क्रेन आणि टोइंग धरून 22 हजार झालं होतं. म्हणजे मामांच्या महिन्याच्या पगारापेक्षा जास्त, एका रात्रीत. त्यातले मामांचे 300. पीएफ नाही. सुट्टी विचारून. बारा तासांची पाळी, महिन्याचे सव्वीस दिवस. घरी येऊन मी कॅल्क्युलेटर काढला : तासाला 64 रुपये. आपण ज्या कॅफेत मीटिंगा करतो, तिथे एवढ्यात कॅपुचिनोही येत नाही.

"गाडीचं भाडं येगळं आन् माणसाचा पगार येगळा, साहेब. भाडं गाडीच्या वजनावर, पगार मालकाच्या मनावर."

मालकाचीही बाजू आहेच. गाडीचा हप्ता, डिझेल, टायर, विमा आणि काम नसेल त्या दिवशी गाडी नुसती उभी. मामाच म्हणाले, "मालक वाईट न्हाई. पण हप्ता बँकेला चुकत न्हाई, आमचं उशिरा चालतंय."

बिल भरणाऱ्याचंही तसंच. 2002च्या इंडियन मोटर टॅरिफमध्ये अपघातग्रस्त वाहन जवळच्या गॅरेजात नेण्याचा खर्च धरला होता : खासगी कारला जास्तीत जास्त 1,500 रुपये, ट्रकसारख्या व्यापारी वाहनाला 2,500. जादा हप्ता भरून ही मर्यादा वाढवून घेता येते. ती घेतली नसेल, तर उरलेले पैसे ट्रकमालकाच्या खिशातून. म्हणून रस्त्यावर आधी घासाघीस चालते आणि मग हूक लागतो. त्या घासाघिशीत मामांचे 300 काही वाढत नाहीत.

बिघाड हाच धंदा

कायद्यात काय आहे? 1961च्या मोटर परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तास, आठवड्याला 48 तास काम आणि ओव्हरटाइमला दुप्पट पगार ठरवला होता. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणीच लागू होता. शिवाय, गाडी बिघडली किंवा वाहतूक खोळंबली तर जास्त वेळ काम करून घ्यायची मुभाही होती. बॉस, मामांचा तर धंदाच बिघाडाचा! नोव्हेंबर 2025 मध्ये हा कायदा नव्या कामगार संहितेत गेला. ओव्हरटाइमची दुप्पट तिथेही आहे. मामांच्या हिशेबात मात्र ती मला कुठे दिसली नाही.

अमेरिकेत तिथल्या सरकारी आकडेवारीनुसार मे 2023 मध्ये जड ट्रकचालकांचं वार्षिक मध्यक वेतन 54,320 डॉलर होतं. पण मला जास्त आवडली ती तिथल्या टोइंगवाल्यांमधली दुसरी पद्धत : अनेक ठिकाणी प्रत्येक बिलातला ठरावीक हिस्सा चालकाला मिळतो. आपल्या भाषेत, व्हेरिएबल पे!

पहिला हेल्पर

"हा पोरगा नवा दिसतो," मी म्हटलं.

मामा जरा थांबले. आधी त्यांचा भाचा हेल्पर होता. गेल्या पावसाळ्यात याच रस्त्यावर तो कोन मांडत होता. मागून एक कार दोन कोनांच्या मधून घुसली. खुब्याचं हाड मोडलं. मालकाने 40 हजार दिले, बाकीचे मामांनी. पोरगा अजून गावीच आहे, चालताना लंगडतो.

"कारवाला पळाला?"

"न्हाई, थांबला की. चांगला माणूस व्हता. म्हनला, घरी जायची घाई व्हती."

मी चहाचा रिकामा ग्लास तसाच धरून बसलो. नवले पुलाचा उतार तिथून दिसत होता. 20 नोव्हेंबर 2022च्या रात्री त्याच उतारावरून आलेल्या ट्रकने दोन डझन तरी गाड्या ठोकल्या होत्या. त्या बातमीतले चुरडलेले ट्रक आणि कार आपण सगळ्यांनी पाहिल्या. ते सगळं तिथून उचललं कुणी, हा प्रश्न मला तोवर पडलाच नव्हता.

चहाचे पैसे मामांनी देऊ दिले नाहीत. "तुम्ही पावनं," म्हणाले. तेवढ्यात फोन वाजला, कात्रज बोगद्याच्या अलीकडे टेम्पो पलटी. 300 रुपये आणखी! हेल्पर कोन गोळा करायला पळाला. मामांनी आधी रस्त्याकडे पाहिलं आणि ओरडले, "गाडीकडं तोंड करून उचल रं!"

गाडी बंद पडली तर...

■ राष्ट्रीय महामार्गावर असाल तर आधी 1033 या हेल्पलाइनला फोन करा.
■ हूक लागण्याआधी भाडं, अंतर आणि पावती ठरवा.
■ ऑटोमॅटिक किंवा इलेक्ट्रिक गाडी चाकांवर ओढू देऊ नका, फ्लॅटबेडच मागवा.
■ पॉलिसीत टोइंगची मर्यादा किती, हे आजच बघून ठेवा.
■ कोन दिसले की स्पीड कमी आणि लेन सोडा. कोनांमागे माणूस असतो.