जुन्या इंजिनाला जाड ऑइल?

लातूर-नांदेड रस्त्यावरचे आपले चाकूर. या रस्त्याने सोयाबीनची पोती वाहणारे कित्येक टेंपो आणि माणसे नेणाऱ्या जीपगाड्या दीड-दोन लाख किलोमीटर धावलेल्या असतात. अशी गाडी ऑइल खाऊ लागली की सल्ला ठरलेला : "आता जाड ऑइल टाका." या सल्ल्यात तथ्य किती, ते आपण पाहू. ज्याचे घर गाडीवर चालते त्याला हा प्रश्न लहान नाही; इंजिनाचे काम निघाले की वर्षाची शिल्लक त्यात जाते.

बैलगाडीच्या आसाला आपले वाडवडील घट्ट वंगण घालीत. चाक सावकाश फिरे, म्हणून ते योग्यच होते. इंजिनाचा क्रँक मात्र मिनिटाला दोन-तीन हजार फेरे घेतो. तेथे धातूंमध्ये तेलाचा थर सतत राहावा लागतो. तेल फार पातळ असेल तर हा थर तुटतो. फार जाड असेल तर इंजिन सुरू होताना ते वरच्या भागांपर्यंत उशिरा पोचते, आणि नंतरही इंजिनाची शक्ती तेल घुसळण्यात खर्च होते.

डब्यावर १५डब्ल्यू-४० असे लिहिलेले असते. पहिला आकडा थंडीतल्या वागणुकीचा. १५ ची कसोटी शून्याखाली २० अंशांवर घेतात. तेव्हा आपल्याकडच्या हिवाळ्यात त्याची काळजी नको. दुसरा आकडा तापलेल्या तेलाचा. १०० अंश सेल्सिअसला ४० चा दाटपणा १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक, तर ५० चा १६.३ ते २१.९. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो म्हणून जाड तेल हवे, हीही एक समजूतच. रेडिएटर ठीक असेल तर इंजिनाच्या आतील उष्णता बाहेरच्या हवेइतकी बदलत नाही.

मग तेल जाते कोठे? गाडी सपाट जागी उभी करून सकाळी पट्टी पाहावी आणि हजार किलोमीटरला किती तेल घालावे लागते, ते वहीत टिपावे. गाडीखाली डाग दिसले तर पॅकिंग किंवा सील गळते आहे. सकाळी सुरू करताना क्षणभर निळा धूर आला तर व्हॉल्व्हचे रबरी सील कडक झालेले असावेत. चढावर ओझे ओढताना निळा धूर येत राहिला तर रिंगा आणि बोअर झिजल्याचा संशय धरावा. कडक झालेले रबर जाड तेलाने मऊ होत नाही, की झिजलेली रिंग भरून येत नाही.

जाड तेलाचा उपयोग मुळीच नाही, असे मात्र नाही. झिजेने बेअरिंगमधील फट वाढते, तेलाचा दाब उतरतो; तेथे एक पायरी जाड तेल काही काळ आधार देते. पण दाबाचा दिवा विझला म्हणजे दुखणे गेले, असे नव्हे. गाडीच्या पुस्तकात ४० आणि ५० दोन्हींना मुभा असेल तरच ही पायरी चढावी. २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत तर पुस्तकात सांगितलेल्याच प्रतीचे तेल घालावे. त्यांच्या धुराच्या नळीतील यंत्रणेला भलते तेल बाधते.

सारांश, आधी पट्टी, मग धूर, मग मिस्त्री, आणि शेवटी डबा. शेतरस्त्याच्या धुळीत एअर फिल्टर स्वच्छ ठेवला आणि तेल वेळेवर बदलले, तर जाड तेलाचा प्रश्नच पुष्कळ उशिरा येईल.