लाइट आली, तरी नेट का नाही?

घरातल्या राऊटरला दोन बाजू असतात. एक घराकडे तोंड करून असते; मोबाइल, टीव्ही, लॅपटॉप यांना वायफाय पुरवते. दुसरी असते कंपनीकडे. सेटिंगच्या पानावर तिचे नाव ‘वॅन’. मोबाइलच्या कोपऱ्यातली वायफायची खूण फक्त पहिल्या बाजूची खबर देते. त्यामुळे ‘रेंज फुल आहे, पण नेट चालत नाही’ ही तक्रार जालना शहरातल्या गल्लीत काय किंवा मंठा-परतूरकडच्या गावात काय, सारखीच ऐकू येते, आणि तिच्यात विसंगत असे काही नसते. मोबाइल ते राऊटर हा रस्ता मोकळा असतो, पुढचा बंद असतो. इंटरनेटची सेटिंग म्हणजे या पुढच्या रस्त्याची मांडणी.

२००५ च्या सुमारास ब्रॉडबँड आले ते टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून. मोडेममध्ये ‘० आणि ३५’ ही जोडी भरायची, हे बीएसएनएलच्या त्या काळच्या ग्राहकांना पाठ असे. आता तार काचेची आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे ‘भारतनेट’ म्हणून ओळखल्या जाऊ लागलेल्या योजनेने ही काच ग्रामपंचायतीपर्यंत नेण्याचे ठरवले. शहरात आणि तालुक्याच्या गावी ती केबलवाल्याने खांबाखांबावरून घरात आणली. तिच्या आतला प्रकाशमार्ग जेमतेम ९ मायक्रॉन जाडीचा, म्हणजे केसापेक्षा कितीतरी बारीक. कंपनीकडून घराकडे १४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश येतो, घरातून १३१० नॅनोमीटरचा जातो. दोन्ही अदृश्य अवरक्त आणि दोन्ही एकाच धाग्यातून. वाटेत स्प्लिटर हा प्रकाश ३२ किंवा ६४ घरांत वाटतो.

केबलवाल्याचा माणूस हिरव्या टोकाची वायर खिशातल्या मीटरला लावतो तेव्हा पडद्यावर उणे २१, उणे २४ असा आकडा येतो. हे प्रकाशाचे माप, एकक डीबीएम. दर तीन अंकांनी प्रकाश निम्मा होतो. उणे २७ म्हणजे एका मिलिवॅटचा सुमारे पाचशेवा भाग. घरातल्या सर्वसाधारण डब्याला, म्हणजे राऊटरला, त्याखाली वाचता येत नाही. खिळ्याला करकचून गुंडाळलेली वायर, टोकावरची धूळ, पावसाळ्यात फुगणाऱ्या आणि उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या काळ्या जमिनीत कललेला खांब, रस्त्याच्या कामावरचा जेसीबी, यांतले काहीही हा आकडा घसरवते किंवा प्रकाश पार बंद करते. मग डब्यावर लाल दिवा लागतो. लाल दिवा असेपर्यंत सेटिंगला हात लावण्यात काही अर्थ नसतो. बाजारातून दुसरा डबा आणून नुसता जोडला तरी बहुधा चालत नाही, कारण कंपनीचे यंत्र प्रत्येक डब्याला त्याच्या अनुक्रमांकावरून ओळखते.

प्रकाश ठीक असेल तर सेटिंगचे पान उघडायचे. राऊटरला जोडलेल्या मोबाइलच्या ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा डब्याखालच्या चिकटपट्टीवर छापलेला पत्ता टाकला की ते येते. (इथे आकडे देवनागरीत छापले आहेत; ब्राउझरमध्ये इंग्रजीतच टाकावे लागतात.) ‘वॅन’च्या पानावर पहिली महत्त्वाची चौकट व्हीलॅनच्या क्रमांकाची. एकाच काचेतून इंटरनेट, लँडलाइन, कधी टीव्हीही येतो. मोंढ्यात पोत्यावर ज्या आडत्याची खूण, त्याच थप्पीला हमाल पोते लावतो. तसा इथे माहितीच्या प्रत्येक पुडक्यावर १ ते ४०९४ यांपैकी एक क्रमांक असतो. तो कंपनीने दिलेलाच हवा. एका अंकाने चुकला तरी पुडकी भलत्या थप्पीला जातात आणि राऊटरच्या हाकेला कोणी ओ देत नाही.

त्यानंतर जोडणीचा प्रकार. काही कंपन्या ‘डीएचसीपी’ वापरतात. त्यात राऊटरने पत्ता मागायचा आणि समोरच्याने द्यायचा, ग्राहकाला काही भरावे लागत नाही. पुष्कळ ठिकाणी मात्र ‘पीपीपीओई’ असते. १९९९ साली प्रसिद्ध झालेली ही पद्धत टेलिफोनवरून डायल करण्याच्या जमान्यातली हजेरी नव्या तारेवर घेते. राऊटर आधी सर्वांना उद्देशून विचारतो, कोणी आहे का? कंपनीचा सर्व्हर म्हणतो, मी आहे. राऊटर त्याच्याकडे रीतसर जागा मागतो, सर्व्हर सत्राचा क्रमांक देतो. मग युजरनेम आणि पासवर्ड तपासले जातात, आणि ते जुळले तरच इंटरनेटवरचा पत्ता मिळतो. सगळे सुरळीत असेल तर याला काही क्षण पुरतात.

बिघाड कुठे आहे हे या क्रमावरूनच ओळखता येते. पहिल्याच हाकेला उत्तर नसेल तर दोष व्हीलॅनचा किंवा लाइनचा. उत्तर आले पण प्रवेश नाकारला, तर युजरनेम-पासवर्डचा किंवा संपलेल्या रिचार्जचा. जुन्या संगणकांवर डायलर वापरणाऱ्यांना हेच दोन प्रकार ६७८ आणि ६९१ या क्रमांकांनी माहीत होते. आजच्या राऊटरमध्ये तीच हकिकत ‘सिस्टिम लॉग’ नावाच्या पानावर लिहिलेली असते, फक्त ते पान सहसा कोणी उघडत नाही.

तिसरी शक्यता मराठवाड्यात विशेष ओळखीची आहे. लाइट जाते, पाच मिनिटांत येते, राऊटरचे दिवे लागतात, पण नेट काही येत नाही. पासवर्ड तोच, लाइनही ठीक. घडलेले असते ते असे: राऊटर रीतसर बंद झाला असता तर त्याने ‘निघतो’ असा निरोप सर्व्हरला धाडला असता. लाइट अचानक गेल्यावर तेवढी सवड मिळत नाही. सर्व्हरच्या वहीत जुने सत्र चालूच राहते आणि एका नावावर एकच सत्र असा नियम असेल, तर त्याच ग्राहकाच्या राऊटरची नवी मागणी तो नाकारतो. सर्व्हर अधूनमधून चाचपणीचे संदेश पाठवतो. काही संदेशांना उत्तर आले नाही की जुने सत्र मोडतो आणि पुढच्या प्रयत्नाला जोडणी होते. अशा वेळी दर अर्ध्या मिनिटाने बटण चालू-बंद करणे म्हणजे अडथळ्यात भर. थांबावे हे बरे. त्याहून बरा उपाय म्हणजे राऊटरचा छोटा बॅटरी बॅकअप. बहुतेक राऊटर १२ व्होल्टवर चालतात आणि वीज फारच थोडी खातात. बॅकअप घेताना व्होल्ट आणि अँपिअर अडॅप्टरवर वाचून जुळवायचे.

‘एमटीयू’ ही चौकट दिसायला क्षुल्लक, पण फसवी. इथरनेटच्या एका पुडक्यात १५०० बाइट मावतात. पीपीपीओई स्वतःच्या नोंदीसाठी ८ बाइट घेते, उरतात १४९२. तिथे १५०० भरले आणि वाटेतल्या एखाद्या यंत्राने ‘पुडके मोठे आहे’ हा निरोप परत येऊ दिला नाही, तर चमत्कारिक प्रकार दिसतो: काही संकेतस्थळे झटकन उघडतात, काही अर्धवट येऊन लटकतात. १४९२ भरले की बहुधा भागते.

जोडणी झाल्यावर राऊटरला मिळालेला पत्ता पाहण्यासारखा असतो. जुन्या पद्धतीच्या पत्त्यांची एकूण संख्या सुमारे ४२९ कोटी आणि त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून संपला. त्यामुळे कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वापरतात. राऊटरच्या पानावरचा पत्ता १०० ने सुरू होत असेल आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ यांमध्ये असेल, तर तो अशा सामाईक व्यवस्थेतला समजावा. व्हिडिओ पाहण्यात त्याने फरक पडत नाही. फरक पडतो तो मोंढ्यातल्या दुकानाचा कॅमेरा घरून थेट पाहायचा असेल तेव्हा. ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ची सेटिंग कितीही बिनचूक भरली तरी बाहेरून आलेली हाक कंपनीच्या दारातच अडते. मग कॅमेऱ्याच्या कंपनीचे ॲप वापरायचे किंवा वेगळे पैसे मोजून स्थिर सार्वजनिक पत्ता घ्यायचा.

डीएनएस ही संकेतस्थळांच्या नावांवरून पत्ते सांगणारी सेवा. कंपनीची चालत नसेल तर ८.८.८.८ किंवा १.१.१.१ भरता येते. पाने उघडण्याची सुरुवात त्याने थोडी लवकर होईल. डाउनलोडचा वेग वाढेल ही समजूत मात्र खोटी.

घराच्या बाजूला राहतो तो पत्तेवाटपाचा आणि वायफायचा भाग. मागच्या खोलीसाठी दुसरा राऊटर वायरने जोडताना ‘लॅन’च्या भोकात जोडला आणि त्याचे डीएचसीपी चालू ठेवले, तर घरात पत्ते वाटणारे दोघे होतात आणि काही मोबाइलना चुकीची वाट मिळते. दुसऱ्याचे वाटप बंद करून त्याचा स्वतःचा पत्ता बदलला की गोंधळ मिटतो. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ हीच एकमेकांत न मिसळणारी चॅनेल. शेजारी ज्यावर नाही ते घ्यावे. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंतीपुढे लवकर दमते. पत्र्याचे घर असेल तर लहरी पत्र्यावरून परततात, आणि स्लॅबमधले काँक्रीट व सळई मिळून वरच्या मजल्याची रेंज खातात. सळई बनवणाऱ्या जालन्यात ही तक्रार घरचीच म्हणायची. राऊटर कपाटात किंवा फ्रिजमागे न ठेवता घराच्या मध्यावर, उंच आणि मोकळा ठेवणे हा त्यावरचा बिनखर्ची इलाज.

डब्यामागच्या बारीक भोकात टाचणी दाबून धरली की राऊटर कारखान्यातून निघाला तसा कोरा होतो. व्हीलॅन, युजरनेम, पासवर्ड सगळे पुसले जाते आणि केबलवाला येईपर्यंत घर थांबते. सेटिंगच्या पानावर बहुधा ‘बॅकअप’ची सोय असते; ती फाइल मोबाइलमध्ये उतरवून ठेवली तर दोन मिनिटांत सारे पूर्ववत होते. त्याच पानावर प्रवेशाचा मूळचा ‘ॲडमिन’ हा पासवर्ड बदलायचा असतो, आणि वायफायला डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ निवडायचे असते. नवा पासवर्ड लहान-मोठ्या अक्षरांसकट कागदावर लिहून तो कागद डब्याच्या खोक्यात ठेवलेला बरा.