अंकीय युद्धपट

अंकीय युद्धपट म्हणजे एखाद्या ऐतिहासिक लढाईवर किंवा मोहिमेवर आधारलेल्या पटखेळाचे संगणकीय रूप होय. मूळ खेळात कागदी नकाशा, पुठ्ठ्याच्या सोंगट्या, फासे आणि बरीच जाड नियमपुस्तिका असते. अंकीय रूपात हे सर्व टॅबलेटच्या किंवा संगणकाच्या पडद्यावर येते. संगणकावरील इतर बहुतेक युद्धखेळांत घटना सलग घडत राहतात आणि हाताची चपळाई लागते. युद्धपटात मात्र खेळाडू आळीपाळीने चाली करतात, पटाची विभागणी उघड दिसते आणि फाशांचे दान लपवले जात नाही. बुद्धिबळाशी त्याचे नाते आहे, पण दोन फरक मोठे आहेत. येथे दैवाला जागा आहे, आणि दोन्ही बाजू आरंभी समान नसतात, कारण प्रत्यक्ष इतिहासातही त्या समान नव्हत्या.

पंचाचा प्रश्न

या खेळांचे मूळ प्रशियाच्या सैन्यात सापडते. गेओर्ग लेओपोल्ड फॉन राइसवित्स यांनी १८१२ मध्ये प्रशियाच्या राजासाठी युद्धाचा एक पट सिद्ध केला. त्यांच्या मुलाने १८२४ मध्ये त्याचे सुधारलेले नियम प्रसिद्ध केले. त्याला क्रीग्जश्पील, म्हणजे ‘युद्धखेळ’, असे नाव होते. खऱ्या भूप्रदेशाच्या नकाशावर सैन्यतुकड्यांचे ठोकळे मांडले जात. खेळाडू आपले हुकूम पंचाकडे देत. पंच कोष्टके पाहून व फासे टाकून किती हानी झाली ते ठरवी आणि प्रत्येक बाजूला तिच्या सेनापतीस प्रत्यक्षात कळले असते तेवढेच सांगे.

ही पद्धत वास्तवाच्या जवळ जाणारी असली तरी अतिशय मंद होती. कोष्टके जितकी तपशीलवार, तितका खेळ रेंगाळत असे. म्हणून १८७६ मध्ये युलिउस फॉन व्हेर्डी दु व्हेर्न्वा यांनी बहुतेक नियम वगळून निर्णय अनुभवी पंचावर सोपवण्याचा मार्ग मांडला. नियम वाढवावेत तर खेळ बसतो, कमी करावेत तर पंचाच्या मर्जीवर विसंबावे लागते, हा पेच तेव्हापासून या क्षेत्रात कायम राहिला. टॅबलेटवरील खेळांचे महत्त्व समजण्यासाठी हा पेच ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

कागदी पटाचा काळ

घरोघरी खेळता येईल असा युद्धपट विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत आला. चार्ल्स रॉबर्ट्स यांचा ‘टॅक्टिक्स’ हा खेळ १९५४ मध्ये विक्रीस आला. पुढे त्यांच्याच ॲव्हलॉन हिल या कंपनीने १९५८ मध्ये अमेरिकन यादवी युद्धातील गेटिसबर्गच्या लढाईवर खेळ काढला. नकाशावरील षट्कोनी घरांची जाळी, तुकडीचे बळ व वेग छापलेली चौकोनी सोंगटी आणि हल्ल्याचा निकाल सांगणारे कोष्टक ही या प्रकाराची ओळख बनली.

या कोष्टकाची रीत एका उदाहरणाने स्पष्ट होते. हल्लेखोरांचे एकूण बळ ७ आणि बचाव करणाऱ्यांचे ३ असेल, तर गुणोत्तर पूर्णांकात उतरवून २ ला १ धरले जाते. वरचे १ बळ वाया जाते. हल्लेखोराने आणखी २ बळाची तुकडी आणली तर गुणोत्तर ३ ला १ होते आणि निकालाची शक्यता पालटते. त्यामुळे अनुभवी खेळाडू नेमके २ बळ कोठून आणता येईल याचा शोध घेत बसतो. खऱ्या सेनापतीला अशी नेमकी बेरीज कधी उपलब्ध नसते, हा या पद्धतीवरील जुना आणि योग्य आक्षेप आहे.

तपशिलाची हाव कोठवर जाऊ शकते, याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे एसपीआय या कंपनीचा १९७९ मधील ‘द कॅम्पेन फॉर नॉर्थ आफ्रिका’ हा रिचर्ड बर्ग यांचा खेळ. त्यात इंधनाचा व पाण्याचा हिशेब ठेवावा लागतो, आणि इटालियन तुकड्यांना पास्ता शिजवण्यासाठी जादा पाणी द्यावे लागते. हा खेळ पूर्ण होण्यास हजाराहून अधिक तास लागतात असे मानले जाते. तो विकत घेणारे पुष्कळ होते, पण शेवटपर्यंत नेणारे विरळा.

पडद्यावरचा पंच

पटावरील हिशेब यंत्राकडे द्यावा ही कल्पना जुनी आहे. ‘कॉम्प्युटर बिस्मार्क’ हा जर्मन युद्धनौकेच्या पाठलागावरील खेळ १९८० मध्येच घरगुती संगणकांसाठी आला होता. पण उभ्या पडद्यासमोर बसून कळफलकाने खेळताना पटाचा भास होत नसे. २०१० मध्ये आयपॅड बाजारात आला तेव्हा हे बदलले. टॅबलेट टेबलावर सपाट ठेवता येतो, दोघांना त्याच्या दोन बाजूंना बसता येते, आणि सोंगटी बोटाने उचलल्यासारखी हलवता येते.

या साधनासाठीच रचलेल्या आरंभीच्या उल्लेखनीय खेळांत शेनान्डोआ स्टुडिओचा ‘बॅटल ऑफ द बल्ज’ (डिसेंबर २०१२) येतो. जॉन बटरफिल्ड हे त्याचे रचनाकार असून कागदी युद्धपटांच्या क्षेत्रात त्यांचा अनेक वर्षांचा अनुभव होता. बेल्जियम व लक्झेंबर्गमधील आर्देन प्रदेशात १६ डिसेंबर १९४४ रोजी जर्मन सैन्याने अनपेक्षित हल्ला चढवला. म्यूझ नदी ओलांडून पुढे अँटवर्प बंदर गाठणे हा त्याचा हेतू होता. बास्तोन्य हे रस्त्यांचे नाके वेढले गेले, २३ तारखेला आभाळ निवळल्यावर दोस्तांची विमाने उडू लागली, आणि २६ तारखेला वेढा फुटला. जर्मन रणगाडे नदीपासून काही किलोमीटरवर अडले.

या खेळाने षट्कोनांऐवजी लहानमोठे प्रदेश घेतले. अधिक महत्त्वाचा बदल वेळेच्या हिशेबात होता. प्रत्येक दिवस हा एक डाव असतो. खेळाडू आळीपाळीने एकेका प्रदेशातील तुकड्या हलवतो आणि प्रत्येक चालीनंतर घड्याळ पुढे सरकते, परंतु किती सरकेल हे निश्चित नसते. दिवस मावळण्यापूर्वी आणखी किती चाली मिळतील हे कोणालाच ठाऊक नसल्याने ‘आधी पूल घ्यावा की आधी रसदीचा रस्ता मोकळा करावा’ हा प्रश्न खरोखर टोचू लागतो. कागदावर हेच करायचे तर प्रत्येक चालीला वेगळे दान टाकून वेळेची नोंद ठेवावी लागली असती. येथे पंच बोलत नाही, घड्याळाचा काटा फक्त सरकतो. याच मालिकेतील ‘ड्राइव्ह ऑन मॉस्को’ हा टेड रेसर यांचा खेळ २०१३ मध्ये आला.

मूळ कागदी खेळ जसाच्या तसा पडद्यावर आणण्याचा दुसरा प्रवाह आहे. जीएमटी गेम्सचा ‘ट्वायलाइट स्ट्रगल’ (२००५) हा शीतयुद्धावरील दोघांचा खेळ प्लेडेक या कंपनीने २०१६ मध्ये अंकीय स्वरूपात आणला. अनंदा गुप्ता व जेसन मॅथ्यूज हे त्याचे रचनाकार होत. त्यातील प्रत्येक पत्त्यावर एक ऐतिहासिक घटना असते. आपल्या हाती प्रतिपक्षाच्या उपयोगाची घटना आली, तरी बहुधा ती आपल्यालाच खेळावी लागते आणि तिचे परिणाम सोसावे लागतात. भारतीय वाचकाला त्यातील भारत–पाकिस्तान युद्धाचा पत्ता विशेष वाटेल. खेळाडू दोनपैकी कोणत्या देशावर आक्रमण झाले ते निवडतो, एक फासा टाकतो, आणि यश मिळाल्यास त्या देशातील प्रतिपक्षाचे वर्चस्व आपल्याकडे घेतो. हा पत्ता एकदा वापरून बाद होत नाही, पुन्हा गड्डीत येतो. १९४७, १९६५ व १९७१ या तीन युद्धांचा क्रम त्यातून सूचित होतो. तथापि फाळणी, काश्मीर आणि बांगलादेशाचा मुक्तिसंग्राम यांना या मांडणीत स्थान नाही. वॉशिंग्टन व मॉस्को येथून जग जसे दिसत होते तसेच ते दाखवणे हा या खेळाचा हेतू आहे, आणि खेळताना तो विसरणे सोपे असते.

खेळण्याची पद्धत

टॅबलेटवर सोंगटीला स्पर्श केला की ती जेथे जाऊ शकते ते प्रदेश उजळतात. नियमबाह्य चाल करताच येत नाही. रसद तुटलेल्या तुकड्यांवर खूण येते, बळाची बेरीज आपोआप होते आणि फासे यंत्रच टाकते. प्रतिस्पर्धी समोर नसेल तर संगणकाशी खेळता येते, किंवा दूरच्या व्यक्तीशी दिवसाला दोन-चार चाली अशा सवडीने डाव चालवता येतो. पूर्वी असे डाव टपालाने चालत आणि महिनोन्‌महिने रेंगाळत.

यंत्राचा खरा लाभ माहिती लपवण्यात आहे. कागदी पटावर दोघांनाही सारे दिसते. ‘क्वेबेक १७५९’ (१९७२) या खेळात लाकडी ठोकळे उभे ठेवून त्यांची बळ लिहिलेली बाजू फक्त मालकाकडे वळवण्याची युक्ती केली होती. त्यापलीकडे जायचे तर तिसरा माणूस पंच म्हणून लागे. ती जागा टॅबलेट घेऊ शकतो. गंमत अशी की बहुतेक अंकीय युद्धपट ही क्षमता फारशी वापरत नाहीत आणि मूळ पटाशी इमान राखून सर्व सोंगट्या उघड्याच ठेवतात.

मर्यादा

नियम यंत्राने पाळले की खेळाडूला ते शिकावे लागत नाहीत. नवख्यासाठी ही सोय आहे, परंतु तिची किंमतही आहे. कागदी खेळात रसदीचा नियम स्वतः वाचून, बोटाने रस्ता मोजत नेताना सैन्य रस्त्याला का बांधलेले असते ते कळते. पडद्यावर फक्त लाल खूण दिसते. नियम पटला नाही तर कागदी खेळात दोघे संमतीने तो बदलू शकतात, ॲपमध्ये तसे करता येत नाही. व्हॅसल या मोफत संगणक-प्रणालीने उलटा मार्ग धरला आहे. ती नकाशा व सोंगट्या पुरवते, पण नियमांची सक्ती सहसा करत नाही. ते खेळाडूंनीच जाणावे लागतात.

सोंगटी काय दाखवत नाही, हा प्रश्न कागद व पडदा या दोहोंना लागू आहे. आर्देनच्या लढाईत सुमारे १९,००० अमेरिकन सैनिक मारले गेले. १७ डिसेंबर रोजी मालमेडीजवळ शरण आलेल्या ८४ अमेरिकन युद्धकैद्यांची एसएस सैनिकांनी हत्या केली. डिव्हिजनच्या पातळीवरील पटावर अशा घटनेला जागा नसते, आणि जर्मन बाजू घेणाऱ्या खेळाडूपुढे ती येतच नाही.

सर्वांत व्यावहारिक अडचण टिकाऊपणाची आहे. १९५८ मधील गेटिसबर्गची पेटी आजही उघडून खेळता येते. हरवलेल्या सोंगट्या पुठ्ठ्यातून कापून घेता येतात. ॲपचे तसे नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये आयओएस ११ ही कार्यप्रणाली आली, तेव्हा ३२-बिट स्वरूपातील जुने, अद्ययावत न केलेले सर्व ॲप तिच्यावर चालेनासे झाले आणि त्यांत अनेक खेळही गेले. दूरस्थ डाव तर सर्व्हर चालू असेपर्यंतच टिकतात. ज्याला असा खेळ जपायचा आहे, त्याला त्यासोबत जुना टॅबलेटही जपावा लागतो, आणि त्याची बॅटरीसुद्धा.