ऊर्जोपचार : कोणाचा हात, कोणाच्या अंगावर?

अंगावर हात ठेवून, किंवा अंगापासून चार बोटे अंतरावर हात धरून रोग बरा करण्याची जी पद्धत ‘रेकी’ या नावाने शहरांतून आज चालते, ती मूळची जपानची. मिकाओ उसुई यांनी १९२२ च्या सुमारास ती शिकविण्यास आरंभ केला. विश्वात भरून राहिलेली प्राणशक्ती उपचारकाच्या तळहातातून रोग्यात उतरते, असे तिचे प्रतिपादन आहे.

ही शक्ती हाताला खरोखर जाणवते काय? अमेरिकेत अशाच एका हस्तोपचाराची परीक्षा एमिली रोझा या नऊ वर्षांच्या मुलीने घेतली. मध्ये आडपडदा. उपचारकाने दोन्ही हात त्याच्या भोकांतून पुढे करावयाचे, आणि मुलीने आपला हात त्यांपैकी कोणत्या हातावर धरला आहे, ते ऊर्जेवरून ओळखावयाचे. २१ उपचारकांच्या २८० प्रयत्नांपैकी १२३ बरोबर आले. नाणे उडवूनसुद्धा १४० च्या आसपास आले असते! हा निकाल १९९८ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात छापून आला.

तरीही लोकांना बरे वाटते, हे मी नाकारीत नाही. कोणी तासभर जवळ बसतो, ऐकून घेतो, मायेने हात लावतो. ज्याच्याकडे दवाखान्यात कोणी मान वर करून पाहत नाही, त्याला एवढ्यानेही धीर येतो. पण हा तास मिळतो कोणाला? ज्याला त्याचे पैसे मोजता येतात त्याला. शिवाय ज्या देशाला अस्पृश्यता मोडण्यासाठी १९५५ साली स्वतंत्र कायदा करावा लागला, तेथे स्पर्शाने उपचार करणाराने आपला हात कोणाच्या अंगावर जाताना अवघडतो, हे आधी तपासले पाहिजे. अंगाला न शिवता बरे करण्याची सोय आपल्या समाजात फार लवकर रुचेल, अशी मला धास्ती वाटते. स्त्रियांच्या बाबतीत तर विचारल्यावाचून हात लावणे हा उपचारच नव्हे.

मला सर्वांत खटकते ते निदान. हमालाचा खांदा दुखतो. त्याला सांगतात, ‘तुमच्यात नकारात्मक ऊर्जा साठली आहे, राग सोडा.’ अहो, त्या खांद्यावर साठली आहेत ती पोती! क्विंटलाचे पोते जाऊन पन्नास किलोचे आले, ते हमालांच्या संघटनांनी राग धरला म्हणून. १९६९ चा माथाडी कायदाही शांत बसून मिळालेला नाही. उसाची मोळी डोक्यावर घेऊन गाडीवर चढणाऱ्या बाईच्या कमरेचे दुखणे तिच्या मनात शोधणे म्हणजे मुकादमाला आणि कारखान्याला मोकळे सोडणे होय.

गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यावर थापटणे मारून कच्चे-पक्के ठरविले, ही कथा तेरमध्ये कोणाला सांगावयास नको. तेथे नामदेवांनाही सूट मिळाली नाही. मग उपचारकाला का मिळावी? तो किती पैसे घेतो, चालू औषध बंद करावयास सांगतो काय, हे विचारावे. साप, विंचू वा कुत्रा चावलेल्यास दवाखान्यापासून अडवून मंत्रतंत्र करणे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, डॉ. दाभोलकरांचा खून झाल्यावर तो कायदा आला.

आणि ज्यांना खरोखर सेवाच करावयाची आहे, त्यांनी हंगामात ऊसतोड्यांच्या कोप्यांवर यावे. शुल्क घेऊ नये. हात ठेवण्यापूर्वी दिवसात किती मोळ्या वाहिल्या, एवढे विचारावे.