नाव यादीत हवे

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यातील आदिवासी गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. १९९६ च्या 'पेसा' कायद्याने तिथल्या ग्रामसभेला मोठा मान दिला. पण ग्रामसभेत बसणार कोण? ज्याचे नाव मतदारयादीत, तो!

यादी होताना घरचेच म्हणतात, "धाकट्याचं डोकं ठिकाणावर नसतं, त्याचं नाव कशाला?" मग त्याचे मत तर जातेच, शिवाय गावच्या हिरड्याविषयी, तळ्याविषयी बोलण्याचा हक्कही जातो.

कायदा मात्र इतका कठोर नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० च्या कलम १६ नुसार सक्षम न्यायालयाने मनोविकल ठरवले, तरच या कारणावरून नाव वगळता येते. डॉक्टरांची चिठ्ठी, रोजच्या गोळ्या, येरवड्याच्या मनोरुग्णालयात काढलेले महिने, यांतले काहीही त्याला पुरेसे नाही. चेन्नईच्या मनोरुग्णालयातील कित्येक रुग्णांनी २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत तिथल्याच केंद्रावर मतदान केले.

तेव्हा घरातल्या अशा माणसासाठी नमुना ६ चा अर्ज भरावा आणि ग्रामसभेला त्याला सोबत न्यावे. तो भलतेच काही बोलेल, ही भीती? सभेत शहाणी माणसे तरी कुठे नेहमी सरळ बोलतात!